कासव बघत होतं

प्रिय मनू,

रात्रीचे पावणेबारा झालेत. सेकंड शिफ्ट करून आत्ताच आलोय. तू झोपलीस, आई झोपली, कुकरमधला भात अजून कोमट आहे. या आठवड्यात आपली गाठच पडलेली नाही. तू शाळेतून येतेस तेव्हा मी अंबडला कारखान्यात मशीनवर असतो, आणि मी येतो तेव्हा तुझी चादर नाकापर्यंत ओढलेली असते. म्हणून हे कागदावर.

आधी कबुली देतो. टेबलावर तुझी वही उघडी होती आणि मी ती न विचारता वाचली. हस्तलिखितासाठी बाईंनी 'चिडवाचिडवी' या विषयावर गोष्ट लिहायला सांगितलीय, हे आईने फोनवर सांगितलं होतं. तुझी अर्ध्या कानाच्या सशाची गोष्ट मी उभ्याउभ्याच वाचून काढली, हात धुवायचेही राहिले. पान चारवर कोपऱ्यात ऑइलचा डाग आहे तो माझा. माफ कर.

मग वही मिटताना शेवटचं पान दिसलं. त्यावर पेनाने काढलेला एका मुलीचा चेहरा. दोन वेण्या, मोठे डोळे, आणि नाकाच्या जागी भोक. कर्कटकाचं टोक रुतवून गोल गोल फिरवलेलं, इतकं की खालच्या सात-आठ पानांना आरपार गेलंय. बाजूला 'शूर्पणखा' लिहिलंय आणि ते अक्षर तुझं नाही.

मला एकदम दोन गोष्टी आठवल्या. एक, तपोवनाच्या सहलीवरून आलीस तेव्हा एक शब्द बोलली नव्हतीस. लक्ष्मण शूर्पणखेचं नाक कापतोय असा तो पुतळा तिथे आहे ना, त्याच्यासमोर सगळा वर्ग उभा राहिला असणार. दुसरी गोष्ट माझीच. गॅसची गाडी तिसऱ्यांदा चुकली तेव्हा जेवताना मी म्हणालो होतो, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. तू ताट उचलून आत गेलीस. मला वाटलं, दोडक्याची भाजी आवडली नसेल. तोंडात इतकी बसलेली म्हण, तिच्यात एक नकटी मुलगी आहे हे चव्वेचाळीस वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आणि हे नाक तरी कुणाचं? माझ्या आईचं. तिच्याकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून तुझ्याकडे आलंय.

शूर्पणखेचं म्हणशील तर, आपल्या गावाचं नावच त्या नाकावरून पडलं असं सांगतात, नासिका म्हणून नाशिक. नऊ टेकड्यांवर वसलेलं म्हणून नाशिक, असंही म्हणतात; 'नाशिक नव टेकांवर वसविले' ही ओळ तुझ्या आजीच्या तोंडी नेहमी असायची. पण गोष्ट नाकाचीच जास्त चालते. त्या गोष्टीतला एक भाग आजीने मला कधी सांगितला नव्हता, तो पुढे मी पुस्तकात वाचला. वाल्मीकींच्या अरण्यकांडात ती लग्नाचं विचारते तेव्हा राम तिला म्हणतो, माझं लग्न झालंय, याला विचार. लक्ष्मण म्हणतो, मी तर दास, तू त्यांच्याकडेच जा. दोघं थट्टा करतायत, आणि तिला ती थट्टा कळत नाही असं तिथे स्पष्ट लिहिलंय. पुढे ती सीतेवर धावून जाते, मग नाक-कान कापले जातात. धावून गेली हे वाईटच. मी रामाला नावं ठेवत नाहीये, आजी वरून चिमटा काढेल. पण एवढं खरं की नाक कापलं जाण्याआधी तिथे चेष्टा झाली होती, आणि पुतळ्यात ती दिसत नाही.

आता तुझ्या सशाबद्दल. गोष्ट चांगली आहे. 'कानतुट्या' हे नाव कोल्ह्याने ठेवलं आणि दोन दिवसांत ते झाडांनाही पाठ झालं, हे वाक्य मला फार आवडलं. पण मग तू जंगलात वणवा लावलास. सशाला धूर सगळ्यांच्या आधी कळतो, तो सगळ्यांना ओढ्याकडे नेतो, कोल्हा रडत माफी मागतो, सगळे सशाला खांद्यावर घेऊन नाचतात. मनू, वणवा लागला नसता तर? त्या सशाने साध्या मंगळवारी, काहीही पराक्रम न करता, गवत खात बसायचं म्हटलं तर त्याला कानतुट्याच म्हणायचं का?

ही चूक तुझी नाही, आपल्या गोष्टींची ती जुनी खोड आहे. ज्याला हसतात त्यानेच काहीतरी अचाट करून दाखवायचं, तेव्हा कुठे हसणं थांबणार. लहानपणी मला अष्टावक्राची गोष्ट फार आवडायची. आठ ठिकाणी वाकडं शरीर, जनकाच्या सभेत पंडित हसतात, आणि तो म्हणतो, तुम्ही तर कातड्याची पारख करणारे चांभार निघालात. मी टाळ्या वाजवायचो. आता वाटतं, असं उत्तर ज्याला सुचत नाही त्याने काय करायचं? आणि त्या उत्तरात सभेबाहेर बसून चामडं कमावणाऱ्या माणसाला उगाचच एक टोला बसला, त्याचं काय? त्याने तर कुणाला हसलेलं नव्हतं.

मला हे सगळं शहाणपण आहे असं समजू नकोस. मी कोल्हा होतो.

1993 साली मी सातवीत होतो, निफाड तालुक्यातल्या गावच्या शाळेत. आमच्या वर्गात एक मुलगा बोलताना अडखळायचा. 'प'ला आणि 'क'ला फार. वाचायला उभा राहिला की प-प-प-प व्हायचं. थंडीत गाडी चालू होत नाही तेव्हा माणूस किका मारत बसतो ना, तसं मला वाटलं आणि मी त्याचं नाव 'किक्या' ठेवलं. मीच. मला तेव्हा त्याचा अभिमान होता. मग तो उभा राहिला की बाकाखाली सगळ्यांचे पाय किका मारायला लागायचे, ठप ठप ठप. सरसुद्धा ओठ दाबून हसायचे. दिवाळीनंतर त्याने हजेरीला 'हजर' म्हणणं सोडलं. नुसता हात वर करायचा.

त्या वर्गात त्याच्या शेजारी बसणारा एक मुलगा होता, अगदी गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एक दिवस धडा वाचायची पाळी आली, आमचे पाय तयार होते, आणि हा शेजारचा उठून उभा राहिला. पुस्तक दोघांच्या मध्ये धरलं, ओळीवर बोट ठेवलं आणि त्याच्याबरोबर मोठ्याने वाचायला लागला. दोघांचा आवाज एकत्र. आणि मनू, तो एकदाही अडखळला नाही. अख्खा परिच्छेद. बाकाखालचे पाय जिथल्या तिथे राहिले, कारण हसायला काही जागाच नव्हती.

सर म्हणाले, एकानेच वाचायचं, दुसऱ्याने खाली बस.

खूप वर्षांनी मला कळलं की हे खरंच असतं. अडखळणारा माणूस दुसऱ्याच्या आवाजात आवाज मिसळून वाचायला लागला की बहुतेक वेळा अडखळणं जवळजवळ थांबतं, वाचा-उपचार करणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे. त्या मुलाला ते कुठून माहीत असणार. त्याला फक्त शेजारी उभं राहायचं होतं.

किक्या म्हणायचो तो मला तीन वर्षांपूर्वी पिंपळगावच्या बाजारात भेटला. टोमॅटो घेऊन आला होता. मजेत होता. अजून अडखळतो, पण थांबतो, श्वास घेतो, पुन्हा बोलतो, त्याला घाई नाही. चहा प्यायलो. मला माफी मागायची होती, पण मी भाव, पाऊस, मुलांच्या शाळा असं बोलत राहिलो. निघताना त्याने उजवा पाय उचलून हवेत एक किक मारली आणि हसला. तो सहज हसला की कसा, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. मला काही हसता आलं नाही.

म्हणून तुझ्या गोष्टीतल्या एका वाक्यावर मी अडकलो. पान तीन, खालून चौथी ओळ. कोल्हा सशाला चिडवतो, माकडं हसतात, आणि मग तू लिहिलंयस: 'कासव बघत होतं.' बस. पुढे कासव गोष्टीत कुठेच नाही. वणव्यातसुद्धा नाही. मला कोल्ह्यापेक्षा त्या कासवाची गोष्ट वाचायची आहे. तुझ्या वर्गात असं कुणी आहे का गं? चित्र काढलं तेव्हा शेजारी कोण होतं? आणि (हे रागावून विचारत नाही) तू कधी कुणाच्या बाबतीत कासव झाली आहेस का?

मागच्या वर्षी पौषात आपण त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेला गेलो होतो, तू गर्दीत चप्पल हरवलीस ते. त्या भावंडांना लोक संन्याशाची पोरं म्हणून हिणवायचे. एकदा ज्ञानेश्वर इतके दुखावले की झोपडीची ताटी लावून आत बसले. ज्ञानेश्वर, बरं का! त्यांनाही बोलणं लागायचं, दार लावून घ्यावंसं वाटायचं. तेव्हा धाकटी मुक्ता, जवळपास तुझ्याएवढीच असेल, गावाशी भांडायला गेली नाही. ती बंद ताटीपाशी बसली आणि त्याला हाका मारत राहिली. तेच ताटीचे अभंग. मला ती गोष्ट आता वणव्याच्या गोष्टीपेक्षा जास्त खरी वाटते.

तुझीही ताटी लागलीय, मला दिसतंय. मी बाहेर बसलोय. लाथ मारून उघडणार नाही.

एक-दोन कामाच्या गोष्टी, बाप आहे म्हणून. आमच्याकडे मशीन बिघडलं की आधी लॉगबुकात लिहितात. किती वाजता, काय झालं, तेव्हा तिथे कोण होतं. कारण, दोष, ते सगळं नंतर. तूही एका वहीत तसंच लिहीत जा, तारीख टाकून. बाईंशी बोलताना 'सगळे मला चिडवतात' म्हटलं की मोठी माणसं 'दुर्लक्ष कर' म्हणून मोकळी होतात; मंगळवारी मधल्या सुट्टीत वहीला भोक पाडलं असं म्हटलं की त्यांना ती वही हातात घ्यावी लागते. ते पान फाडू नकोस. शाळेत तक्रारपेटी असते, मुलांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समितीचा फलकही असेल, बघून ठेव. आणि 1098 हा मुलांसाठीचा फोन नंबर पाठ कर, पैसे पडत नाहीत, रात्रीसुद्धा उचलतात. तुला लागेल म्हणून नाही. कधीतरी एखाद्या कासवाला सांगता येईल.

तुला न विचारता मी शाळेत जाणार नाही, हा शब्द. पण कुणी हात उचलला किंवा ते चित्र मोबाइलवर फिरायला लागलं, तर मी थांबणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो. पावसाळ्यात आपण गोदेला पाणी किती आलं ते पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून बघतो ना, गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं. तुझ्याकडे पाणी कुठवर आलंय ते मला पुलावरून दिसत नाही. तूच सांगायचंस. तोंडाने सांगवत नसेल तर फ्रिजवर चिठ्ठी लाव, नुसतं 'गुडघा' किंवा 'छाती' एवढंच लिही, मला कळेल.

रविवारी सुट्टी आहे. सकाळी सावाना वाचनालयाच्या बालविभागात जाऊ, तुझी दोन पुस्तकं परत करायची राहिलीत. येताना मिसळ, तुझी कमी तिखट.

गोष्टीत मी काही खोडलेलं नाही. फक्त पान तीनवर, खालून चौथ्या ओळीखाली, पेन्सिलने हलकी रेघ मारलीय. नको असेल तर खोडरबराने जाईल. वहीत अजून अकरा पानं कोरी आहेत, भोकं पडलेली सोडून.

दूध तापवून ओट्यावर ठेवलंय, साय काढू नकोस.

तुझा,
बाबा