गुडघा सांभाळा, कारकीर्द सांभाळा

संपादक महोदय,

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची (या खेळात चेंडू हातांनीही झेलतात) महिला लीग २०१७ मध्ये ८ संघांनिशी सुरू झाली. आज १८ संघ आहेत. पहिल्याच हंगामात सर्वोत्कृष्ट ठरलेली एरिन फिलिप्स मुळात बास्केटबॉलपटू, २००८ च्या ऑलिंपिकमधली रौप्यविजेती. २०१९ च्या अंतिम सामन्यात, ५३,०३४ प्रेक्षकांसमोर, तिच्या गुडघ्याचा अस्थिबंध (लिगामेंट) तुटला. स्ट्रेचरवरून मैदान सोडताना सारं स्टेडियम तिच्यासाठी उभं राहिलं.

ही दुखापत बहुधा कुणाचा धक्का न लागताच होते. उंच झेल घेऊन खेळाडू एका पायावर उतरते, गुडघा पुरेसा वाकत नाही, आत झुकतो, आणि संपलं! शस्त्रक्रियेनंतर परतायला ९ ते १२ महिने. लीगचा हंगाम मात्र जेमतेम तीन-चार महिन्यांचा, म्हणजे अख्खं वर्ष हातचं जातं.

उपाय साधा आहे. सरावाआधी १५-२० मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा: एका पायावर बैठका, मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम, उडी मारून गुडघे वाकवून, पावलांच्या रेषेत ठेवून अलगद उतरणं. चुकतं ते इथेच: हंगाम सुरू झाला की हे आधी गाळलं जातं. आपल्या कबड्डीपटू मुलींचे गुडघेही असेच जातात. त्यांच्या प्रशिक्षकांनी हा सराव उद्यापासूनच सुरू करावा, ही कळकळीची विनंती.

— एक फिजिओथेरपिस्ट, पुणे