उंदरांवरचे प्रयोग वाचून मॉर्फिन बंद करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मॉर्फिन या तीव्र वेदनेवरच्या औषधाने स्तनाच्या कर्करोगाची गाठ वाढते असं कुठेतरी वाचून किंवा ऐकून गोळ्या फळीवर ठेवून देणारे नातेवाईक खानापूर, निपाणी, चिकोडी भागात भेटतात. रुग्ण बाई रात्रभर कण्हत असते आणि घरचे म्हणतात, "सोस थोडं, हे औषध वाईट आहे." या भीतीमागे खरं संशोधन आहे. पण ते अर्धवट पोहोचलं आहे, म्हणून राहिलेला भाग इथे मांडतो.

सुरुवात २००२ मध्ये झाली. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात कल्पना गुप्ता आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या स्तनकर्करोगाच्या पेशी उंदरांच्या अंगात वाढवल्या आणि त्यांना मॉर्फिन दिलं. रक्तातलं औषधाचं प्रमाण रुग्णांमध्ये असतं तेवढंच राखलं होतं. गाठी मोठ्या झाल्या आणि त्यांच्याभोवती नव्या रक्तवाहिन्यांचं जाळं जास्त दाट दिसलं. कारण असं की रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावरही अफूवर्गीय, म्हणजे मॉर्फिनसारख्या औषधांचे ग्राहक (रिसेप्टर, पेशीवरची औषध जोडलं जाण्याची जागा) असतात. मॉर्फिन तिथे बसलं की पेशीला वाढण्याचे आणि तगून राहण्याचे संकेत मिळतात. २०१४ मध्ये जनुकीय बदलामुळे आपोआप स्तनाची गाठ होणाऱ्या उंदरांवर प्रयोग झाला. त्यात मॉर्फिनमुळे गाठ लवकर सुरू झाली नाही, पण आधीच असलेली गाठ वेगाने वाढली. शिवाय शरीरातल्या 'नैसर्गिक मारक' पेशी, म्हणजे भटक्या कर्कपेशींना टिपणाऱ्या पांढऱ्या पेशी, मॉर्फिनमुळे मंदावतात हेही प्रयोगात दिसलं आहे.

बहुतेकांपर्यंत एवढंच पोहोचतं. प्रयोगशाळेतून उलट निष्कर्षही आले आहेत आणि त्यांची चर्चा जवळजवळ होत नाही. मोठ्या जातीच्या उंदरांवर पोटाची शस्त्रक्रिया करून त्यांच्या रक्तात स्तनाच्याच कर्करोगाच्या पेशी सोडल्या, तेव्हा शस्त्रक्रियेच्या ताणामुळे फुप्फुसात जास्त पेशी रुजल्या. ज्यांना वेदना थांबवण्यासाठी मॉर्फिन दिलं, त्यांच्यात त्या कमी रुजल्या. उपचार न केलेली वेदनाही प्रतिकारशक्ती खाली आणते. त्यामुळे घरी तुलना करायची तर "मॉर्फिन घेतलेली बाई आणि ठणठणीत बाई" अशी करून चालत नाही. ती "मॉर्फिन घेतलेली बाई आणि कळांनी झोप उडालेली बाई" अशीच करावी लागते.

आता माणसांकडे येऊ. २००६ मध्ये १२९ स्त्रियांच्या जुन्या नोंदी तपासल्या गेल्या. पूर्ण भूल आणि मॉर्फिन घेऊन स्तन काढलेल्यांपेक्षा पाठीच्या मणक्यालगत बधिरीकरण केलेल्यांमध्ये कर्करोग परत येण्याचं प्रमाण बरंच कमी दिसलं. पण अशा नोंदींत कोणत्या रुग्णाला कोणती भूल द्यायची हे डॉक्टरांनी ठरवलेलं असतं, त्यामुळे दोन गट मुळातच सारखे नसतात. म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात तसं यदृच्छेने गट पाडून आठ देशांतल्या १३ रुग्णालयांत २,१०८ स्त्रियांवर अशाच दोन पद्धतींच्या भुलीची चाचणी झाली. तिचा निकाल २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला: कर्करोग परतण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सुमारे १० टक्के, फरक नाही. डेन्मार्कमध्ये ३४ हजारांहून अधिक रुग्णांची औषधचिठ्ठ्यांची नोंद तपासली. तिथेही अफूवर्गीय औषधं घेणं आणि रोग परतणं यांचा संबंध दिसला नाही. गाठीच्या पेशींवर नेहमी तपासले जाणारे तीन ग्राहक (दोन संप्रेरकांचे आणि एचईआर-२) नसलेल्या, म्हणजे 'ट्रिपल निगेटिव्ह' स्तनकर्करोगाच्या ११४३ रुग्णांच्या २०२१ च्या अभ्यासात तर शस्त्रक्रियेवेळी जास्त अफूवर्गीय औषध मिळालेल्यांत रोग परतणं किंचित कमी होतं. हाही जुन्या नोंदींवरचा अभ्यास आहे, त्यावरून "मॉर्फिन कर्करोग बरा करतं" असं म्हणणं तितकंच चूक ठरेल.

शस्त्रक्रियेच्या वेळचं कोणतं औषध पुढच्या आयुष्यावर परिणाम करतं, या प्रश्नाचं सर्वात ठोस उत्तर आपल्याच देशातून आलं आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १६०० स्त्रियांवर चाचणी झाली आणि २०२३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गाठ काढण्याआधी ७ ते १० मिनिटं गाठीच्या चहूबाजूंनी ०.५ टक्के लिडोकेन टोचायचं, एवढीच पद्धत. पाच वर्षांनी रोगमुक्त असण्याचं प्रमाण ८२.६ टक्क्यांवरून ८६.६ टक्क्यांवर गेलं आणि हयात असण्याचं ८६.४ वरून ९०.१ वर. लिडोकेन दात काढताना टोचतात तेच स्वस्त बधिरीकरणाचं औषध आहे, अफूवर्गीय नाही. शस्त्रक्रिया ठरली असेल तर "गाठीभोवती लिडोकेन टोचणार का?" एवढा प्रश्न सर्जनला जरूर विचारा. त्यांना तो खटकायचं काही कारण नाही.

मॉर्फिनच्या बाबतीत प्रत्यक्षात नुकसान होतं ते कर्करोग वाढल्यामुळे नव्हे, देण्याच्या पद्धतीमुळे. साधी मॉर्फिनची गोळी चार तास काम करते. दुखायला लागल्यावर दिली तर गोळी लागू पडायला अर्धा-पाऊण तास जातो, तोवर बाई घायकुतीला येते, मग घरचे दोन गोळ्या देतात, ती गुंगते आणि सगळे घाबरून औषधच बंद करतात. म्हणून घड्याळाप्रमाणे द्यायचं: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० ला दुप्पट मात्रा, म्हणजे रात्री दोनला उठवावं लागत नाही. आधी असं औषध न घेतलेल्या प्रौढ व्यक्तीला डॉक्टर साधारण ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात, वृद्ध किंवा अशक्त असेल तर २.५. मध्येच कळ आली तर जादा मात्रा दिवसाच्या एकूण मात्रेच्या सहाव्या भागाएवढी असते. दिवसाला ६० मिलिग्रॅम चालू असेल तर जादा १०. अशा जादा मात्रा रोज तीन-चार वेळा लागू लागल्या, तर मूळ मात्रा वाढवायला सांगायचं.

बद्धकोष्ठता हमखास होते आणि मळमळीसारखी चार-पाच दिवसांत जात नाही. पहिल्या गोळीच्याच दिवशी बिसाकोडिल किंवा सोनामुखीचं रेचक सुरू करावं. आपल्याकडे इसबगोल देण्याची सवय आहे, ती इथे मोडावी लागते. आतडं आधीच मंद असतं, बाई पाणी कमी पिते आणि इसबगोल फुगून अडकून बसतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॉर्फिनचे अवशेष साचतात. हात-पाय मध्येच झटकणं, बरळणं, श्वास मंद होणं ही त्याची लक्षणं, ताबडतोब कळवायचं. काही दिवस नियमित घेतल्यावर औषध एकदम तोडू नये, अंगाला कापरं, घाम, जुलाब सुरू होतात.

फेंटॅनिल या दुसऱ्या अफूवर्गीय औषधाची त्वचेवर चिकटवायची पट्टी सोयीची वाटते, पण ती पहिल्यांदाच अफूवर्गीय औषध घेणाऱ्यासाठी नाही. ताशी २५ मायक्रोग्रॅमची एक पट्टी दिवसाला सुमारे ६० ते ९० मिलिग्रॅम मॉर्फिनच्या तोडीची असते. कोरड्या, केस नसलेल्या छातीच्या वरच्या भागावर किंवा दंडावर ती तळव्याने ३० सेकंद दाबून धरायची, ७२ तासांनी काढून नवी दुसऱ्या जागी लावायची, कापून अर्धी करायची नाही. अथणी भागातल्या चैत्र-वैशाखात तिची खास काळजी घ्यावी लागते, कारण उष्णतेने औषध झपाट्याने अंगात उतरतं. पट्टीवर ऊन पडू नये, गरम पिशवीचा शेक देऊ नये, ताप चढला तर डॉक्टरांना फोन करावा. काढलेल्या पट्टीतही औषध शिल्लक असतं. चिकट बाजू आत घेऊन दुमडायची आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाकायची.

औषधांच्या एका त्रिकुटाकडे मात्र डॉक्टरही कधी कधी दुर्लक्ष करतात. टॅमॉक्सिफेन हे स्तनकर्करोगावरचं औषध वर्षानुवर्षं घेतलं जातं आणि ते यकृतातल्या एका विकराकडून (एन्झाइमकडून) क्रियाशील बनतं. ट्रॅमाडॉल आणि कोडीन या वेदनाशामकांनाही तोच विकर लागतो. नैराश्य किंवा अंगातून निघणाऱ्या वाफांसाठी कोणी फ्लुऑक्सेटीन किंवा पॅरोक्सेटीन लिहून दिलं तर विकर दबतो: टॅमॉक्सिफेनचं क्रियाशील रूप कमी बनतं, ट्रॅमाडॉल पुरेसं लागू पडत नाही, आणि ट्रॅमाडॉलसोबत या गोळ्यांनी झटके येण्याचा धोकाही वाढतो. मॉर्फिनला त्या विकराची गरजच नसते. कोल्हापूर किंवा मिरजेच्या तज्ज्ञाचं कार्ड आणि गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी, दोन्ही एकाच पिशवीत ठेवून प्रत्येक ठिकाणी दाखवा.

आणि नवीन पाठदुखीबरोबर पाय लटपटू लागले, लघवी अडली, तर मात्रा वाढवत घरी बसू नका. कर्करोग मणक्यात उतरून मज्जारज्जू दबत असू शकतो. त्याच दिवशी रेडिएशनची सोय असलेल्या दवाखान्यात न्यावं लागतं, उशीर झाला तर गेलेले पाय सहसा परत येत नाहीत.

राहिला प्रश्न मॉर्फिन मिळण्याचा. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, पण तालुक्याच्या नेहमीच्या औषध दुकानात मॉर्फिन मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन अशी सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि ती ठेवण्यासाठी राज्याच्या औषध नियंत्रकांची एकच मान्यता पुरते. संस्थेत वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक डॉक्टर हवा. सीमाभागातला रुग्ण महाराष्ट्रात दाखवतो आणि राहतो कर्नाटकात. गोळ्या संपल्या की एसटी पकडून पुन्हा मिरज किंवा कोल्हापूर, आणि एखादी फेरी चुकली की औषध एकदम तुटतं. म्हणून तिकडच्या डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, वेळा आणि २४ तासांची एकूण मात्रा स्वच्छ अक्षरात लिहून घ्या, म्हणजे इकडच्या मान्यताप्राप्त संस्थेतला डॉक्टर ती पुढे चालू ठेवू शकेल.

आपल्याला एक विनंती. बेळगाव जिल्ह्यात अशी मान्यता असलेल्या संस्थांची यादी औषध नियंत्रण खात्याकडून मागवून, पत्ते आणि बाह्यरुग्ण विभागाच्या वेळांसह आपल्या दैनिकात छापावी. खात्याकडे विचारणा वर्तमानपत्राकडून गेली तर उत्तर लवकर येतं.

कळावे,
एक भूलतज्ज्ञ, बेळगाव