मामाच्या घरी वाढलेले संत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

२३ फेब्रुवारीला गाडगेबाबांच्या जयंतीची भाषणं आमच्या गावच्या शाळेत झाली. निवृत्त बाई म्हणून मला पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. खराटा झाला, गाडगं झालं, चिंध्या झाल्या. मग चौथीतली एक पोरगी उठली आणि म्हणाली, "बाबा घर सोडून गेले, मंग त्याईच्या बायकोनं काय केलं?" गुरुजी हसले आणि त्यांनी माईक पुढच्या वक्त्याकडे सरकवला. मला मात्र काही हसू आलं नाही.

शेंडगावच्या परटाच्या घरात १८७६ साली जन्मलेला डेबूजी, तोच पुढे गाडगेबाबा झाला. बाप झिंगराजी दारूपायी गेला तेव्हा पोर जेमतेम आठ वर्षांचं. आई सखुबाईनं त्याला उचललं आणि मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला भावाचं दार गाठलं. मीही मामाकडेच वाढले, म्हणून सांगते. मामाकडचं पोर न सांगता कामाला लागतं आणि दुसऱ्यांदा भाकर मागत नाही. डेबूजीनंही ढोरं राखली, शेत कसलं. पुढे मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली, तेही त्यानं डोळ्यांनी पाहिलं. आपण मात्र त्यांना खराटा हातात घेऊनच जन्मल्यासारखं दाखवतो.

मला सगळ्यात मोठी वाटते ती त्यांच्या मुलीच्या बारशाची गोष्ट. तेव्हा जातीत रीत होती की बारशाला मटण आणि दारू द्यायची. डेबूजीनं गोडाचं जेवण घातलं. भाऊबंद रुसले, पण तो हलला नाही. दारूनं बाप गेलेल्या माणसानं आपल्याच अंगणात, आपल्याच लोकांपुढे ते केलं. कीर्तनं सारी नंतरची. आणि १९०५ साली ते घर सोडून निघाले तेव्हा मागे म्हातारी आई होती, बायको कुंताबाई होती, लेकरं होती. कुंताबाईचं नाव आमच्या शाळेतल्या एकाही भाषणात आलं नाही.

आमच्या भागातले अंध संत गुलाबराव महाराज, त्यांचंही तसंच. जन्म १८८१ चा, लोणी टाकळीला, म्हणजे आजोळीच. वर्षाच्या आत डोळे गेले, चार वर्षांचे असताना आई गेली. आजीनं सांभाळलं. चौतिसाव्या वर्षी देह ठेवला तोवर शंभरावर ग्रंथ झाले होते. लोक 'प्रज्ञाचक्षू' म्हणून हात जोडतात. आंधळ्या नातवाला आंघोळ घालणारी, घास भरवणारी ती आजी कुणाच्या ध्यानात आहे?

महानुभाव पंथाचे रिद्धपूरचे गोविंदप्रभू त्याहून सहा-सातशे वर्षं आधीचे. तेही आईबाप गेल्यावर नातलगांनी वाढवलेलं पोर. आपल्या वऱ्हाडातल्या संतांना आजोळानंच तारलं, असं मी म्हटलं तर कीर्तनकार रागावतील. रागावू देत.

राजघराण्याकडे पाहिलं तर गोष्ट उलटी होते. सिंदखेडराजा जिजाऊंचं माहेर. १२ जानेवारीला तिथं पाय ठेवायला जागा नसते. पण १६२९ साली देवगिरीच्या किल्ल्यात, निजामशाही दरबारात, लखुजीराव, त्यांची मुलं आणि एक नातू यांना दगाफटका करून मारलं. जिजाऊंचे वडील, भाऊ आणि भाचा एका दिवसात गेले, आणि पुढच्या फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवराय जन्मले. नातवाला मांडीवर घ्यायला आजोबा उरले नव्हते. लखुजीरावांची समाधी सिंदखेडलाच आहे. वाड्यावर फोटो काढून झाले की किती जण तिकडे वळतात, ते एकदा आपल्या बातमीदारानं उभं राहून बघावं.

आपल्या पुरवणीत गाडगेबाबांच्या जयंतीला दरवर्षी तोच फोटो आणि तीच दशसूत्री, म्हणजे त्यांची दहा कलमी शिकवण, येते. पुढच्या वर्षी अर्धं पान सखुबाई आणि कुंताबाईला द्यावं, ही विनंती. ती पोरगी तेव्हा पाचवीत असेल. अंक मी तिला नेऊन देईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. दर्यापूर, जि. अमरावती