डोहावर थांबावे की पुढे सरकावे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा ओसरून पाणी निवळले की फ्लाय रॉड (गळावर पिसे-दोरा बांधून केलेली नकली माशी फेकून मासे धरायची काठी) घेऊन गिरणेच्या काठी किंवा सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्या-नाल्यांवर जाणाऱ्या तरुणांसाठी हे पत्र. काही जण ऊन चढेपर्यंत एकाच डोहावर दोरी फेकत बसतात, काही दोन फेकींत कंटाळून पाणी तुडवत पुढे जातात. दोन्हींत मासा बिचकतो.

मोजायच्या त्या फक्त चांगल्या फेकी, म्हणजे माशी प्रवाहाच्याच वेगाने वाहत गेलेल्या. मधल्या जोरकस धारेत दोरीला पोट पडले की माशी आडवी ओढली जाते, पाण्यावर रेघ उमटते आणि मासा तोंड लावत नाही. म्हणून दोरी पडताच रॉडच्या टोकाने ते पोट धारेच्या वरच्या अंगाला उचलून टाकावे. अशा आठ-दहा फेकी कोऱ्या गेल्या तर आधी खोली बदला. तरंगती माशी काढून वजनदार, अळीसारखी माशी लावा. तेवढ्याच फेकी आणखी करून पाहा; तरीही काही नसेल तर त्या धारेचा नाद सोडा.

मासा वर येऊन माशीपासून परत फिरला तर मात्र जागा सोडू नका. तो खायला आला होता, काहीतरी खटकले. लगेच पुन्हा फेकलीत तर तो तळाशी जातो. पाच-दहा मिनिटे दोरी पाण्याबाहेर ठेवा, चौदा नंबरऐवजी त्याहून लहान सोळा नंबरची माशी बांधा, टिपेटही (दोरीच्या टोकाचा, माशी बांधायचा तलम धागा) बारीक घ्या. लागलेला मासा धडपडून सुटला तर गोष्ट वेगळी. लहान डोहातले बाकीचे मासेही सावध होतात, तास-दीड तास तिकडे फिरकू नये.

सरकायचे ते प्रवाहाच्या वरच्या दिशेने. मासा धारेकडे तोंड करून असतो, मागून येणारा माणूस त्याला उशिरा दिसतो. शिवाय पायांनी उठलेला गाळ मागे, गळ टाकून झालेल्या पाण्यातच वाहून जातो. वर गुरे उतरली असतील तर काठाने वळसा घालून त्यांच्याही वर जावे.

धरणाचे आवर्तन सुटून पाणी गढूळ झाले की माशी माशाला दिसतच नाही. तिथे धीर धरण्यात अर्थ नाही. आणि सातपुड्याकडे ढग दाटून पाण्यात पालापाचोळा, फेस वाहू लागला तर क्षणभरही न थांबता काठ चढा. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी वरचा पूर येतो.

एप्रिल-मेमध्ये आटलेल्या कोमट डोहांत प्राणवायू कमी असतो. दमवलेला मासा सोडून दिला तरी बहुधा मरतो, आणि त्याला दुसरीकडे जायला वाहते पाणीही नसते. असे डोह पाऊस पडेपर्यंत सोडून द्यावेत, अशी कळकळीची विनंती. यावल आणि अनेर धरण अभयारण्यांच्या हद्दीत तर गळ टाकूच नये.

आपला,
एक वाचक, शिरपूर (जि. धुळे)