लॉक होतं पण अनलॉक होत नाही, म्हणून अख्खी किल्ली बदला?

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय

विषय: रिमोट किल्लीचं एकच बटण खराब असताना पूर्ण किल्ली बदलायला सांगणे, किल्लीतला बोर्ड न तपासताच चेकिंगचे पैसे घेणे, बटणांवरचं रबर पॅड सुटं न देणे आणि जॉब कार्डवर माझ्याविरुद्ध शेरा मारणे याबाबत तक्रार

महोदय,

मी नाशिकला सिडकोत राहतो, अंबड एमआयडीसीत कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत कामाला आहे. तुमची गाडी घेऊन चौथं वर्ष चालू आहे, वेगळे पैसे भरून एक्स्टेंडेड वॉरंटी घेतलीय. गाडीबद्दल माझं काही म्हणणं नाही, इंजिन चांगलं आहे, कसारा घाटात कधी त्रास दिला नाही. तक्रार आहे ती किल्लीवरून तुमच्या इथल्या सर्व्हिस सेंटरने जे केलं त्याची, आणि तुमच्या ज्या पद्धतीमुळे त्यांना तसं करता येतं तिचीही. पत्र लांब होणार आहे पण कृपया पूर्ण वाचा, कारण कॉल सेंटरला फोन केला की तक्रार नोंदवून घेतात आणि ती फिरून त्याच सर्व्हिस सेंटरकडे जाते, मग तेच लोक मला फोन करून विचारतात की सर काय प्रॉब्लेम आहे.

पावसाळ्यात किल्लीचं अनलॉकचं बटण त्रास द्यायला लागलं, आधी जोरात दाबावं लागायचं, मग दाबलं तरी काहीच होईना. लॉकचं बटण मात्र एकदम ओके, लांबून दाबलं तरी गाडी लॉक व्हायची. आता रिमोटने लॉक केलेली गाडी दारात किल्ली फिरवून उघडली की सायरन सुरू होतो आणि इग्निशन ऑन करेपर्यंत थांबत नाही. माझी फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे निघायचं, म्हणजे रोज पहाटे अख्ख्या गल्लीची झोपमोड. दुसरी किल्ली घरात जपून ठेवलेली आहे, ती वापरायची नसते, गाडी चोरीला गेली तर इन्शुरन्सवाले दोन्ही ओरिजिनल किल्ल्या मागतात हे तुमच्याच माणसाने डिलिव्हरीच्या वेळी सांगितलं होतं.

म्हणून सर्व्हिस सेंटरला गेलो. अॅडव्हायझरने किल्ली हातात घेतली, दोनदा बटण दाबलं, सेल बदलून बघितला, तरी अनलॉक होईना, लगेच म्हणाला रिमोट गेलाय सर, नवीन घ्यावा लागेल. साडेनऊ हजार, वर कोडिंगचे, म्हणजे नवी किल्ली गाडीला ओळखायला शिकवायचे, वेगळे. मी म्हटलं अहो लॉक होतंय की, मग रिमोट गेला कसा? तर म्हणाला आतलं सर्किट एकच असतं, हळूहळू तेही बंद पडेल. मी विचारलं उघडून बघा ना एकदा, तर म्हणे कंपनीची परवानगी नाही, उघडली तर कोडिंग उडतं आणि मग गाडीच स्टार्ट होणार नाही. आणि एवढ्या चेकिंगचं बिल ५९० रुपये, पाचशे आणि वर १८ टक्के जीएसटी. मी गुपचूप भरलं, बिल सोबत जोडलंय.

आता माझं म्हणणं नीट समजून घ्या, कारण सगळी तक्रार इथेच आहे. या किल्लीत दोन वेगळी कामं चालतात. गाडी स्टार्ट व्हायला लागते ती इमोबिलायझरची, म्हणजे दुसऱ्या किल्लीने गाडी चालू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची चिप, तिला सेलसुद्धा लागत नाही, इग्निशनभोवती जी कॉइल असते तिच्याकडून तिला तेवढ्यापुरती पॉवर मिळते आणि ती आपला कोड सांगते. दारं उघडायचं-लावायचं काम रिमोटच्या बोर्डचं, तो सेलवर चालतो आणि ४३३ मेगाहर्ट्झवर सिग्नल पाठवतो. माझी गाडी स्टार्ट होत होती म्हणजे चिप चांगली. लॉक होत होतं म्हणजे सेल चांगला, बोर्ड चांगला, अँटेना चांगली, कोडिंगही जागेवर. दोन्ही बटणांना सेल तोच, बोर्ड तोच, सिग्नल पाठवणारा भाग तोच. एक बटण चालतंय आणि दुसरं नाही तर बिघाड त्या एका बटणाखालच्या स्विचमध्ये किंवा त्याच्या आसपासच असणार, दुसरं राहिलंय काय? ही गोष्ट आमच्या कंपनीतला आयटीआयचा पहिल्या वर्षाचा अॅप्रेंटिस पोरगाही सांगेल. तुमच्या ट्रेनिंग घेतलेल्या माणसाला ती माहीत नसेल तर ट्रेनिंगमध्ये गडबड आहे, आणि माहीत असून सांगितली नसेल तर ते जास्त वाईट.

चपलेचा अंगठा तुटला तर चांभार अंगठा बसवून देतो, नवा जोड घ्या म्हणत नाही. साडेनऊ हजार म्हणजे आमच्यासारख्याच्या घरातला महिन्याचा किराणा आणि पोरांच्या क्लासची फी, तो भुर्दंड एका बटणासाठी का सोसायचा?

तेव्हा मी घरीच किल्ली उघडली. मला सोल्डरिंगचा रोजचा हात आहे, पॅनलचे कार्ड आम्ही रिपेअर करतो, म्हणून उघडली. टेबलावर पांढरा कपडा अंथरला, कारण इमोबिलायझरची चिप बारीक असते, खाली पडून हरवली तर मग खरंच गाडी स्टार्ट होणार नाही. किल्लीचं पातं बाहेर काढलं, कडेच्या खाचेत चपटा स्क्रूड्रायव्हर हलकेच फिरवला की दोन भाग सुटतात. आत सीआर २०३२ सेल, तुमच्याच माणसाने टाकलेला, मीटरवर तीन व्होल्टच्या वर दाखवत होता. खाली हिरवा बोर्ड, त्यावर प्रत्येक बटणाखाली एक बारीकसा चार पायांचा टॅक्ट स्विच, दाबला तेवढ्यापुरता जोडणारा. मीटर कंटिन्युटीवर लावला, त्यात जोडणी पूर्ण झाली की बीप येते, आणि लॉकचा स्विच दाबला, बीप आली. अनलॉकचा दाबला, बीप नाही, क्लिकही नाही, नुसता दबून राहतो, आणि त्याच्या एका पायाला हिरवट थर चढलेला. वरचं रबर पॅड उजेडात धरून बघितलं तर बरोबर अनलॉकच्या जागी बारीक चीर. रोज अंगठ्याने दाबून दाबून ते रबर फाटलंय आणि तिथून घाम, पावसाचं पाणी आत उतरलंय. बिघाड तो एवढाच.

एम. जी. रोडकडे इलेक्ट्रॉनिक्सच्या पार्टवाल्याकडे त्या मापाच्या दहा स्विचची पट्टी पन्नास रुपयांना मिळाली. म्हणजे एक स्विच पाच रुपयाला, नऊ अजून माझ्याकडे शिल्लक आहेत. सेल काढून ठेवला, जुन्या स्विचच्या पायांना फ्लक्स लावून विकने, म्हणजे सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीने, सोल्डर ओढून घेतलं, बोर्डवरचे तांब्याचे ठिपके उचकटणार नाहीत अशा बेताने स्विच उचलला, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून साफ केली, नवा स्विच बसवला, परत मीटर लावला आणि बीप आली. सेल घातला, खिडकीतूनच दाबलं आणि खाली गाडी उघडली. कोडिंग कुठेही गेलं नाही, कारण ते सेलवर टिकून नसतं, चिपच्या मेमरीत असतं. म्हणजे उघडली की कोडिंग उडतं हे जे मला सांगितलं ते माझ्या किल्लीपुरतं तरी साफ चुकीचं निघालं. आणि सेल बदलताना त्यांनी स्वतःच किल्लीचं कव्हर उघडलं होतं, तेव्हा कोडिंग नाही उडालं?

इथवर ठीक होतं, मी एवढ्यावर पत्र लिहिलंही नसतं. पण ते फाटलेलं रबर तसंच आहे ना. नवीन स्विच घातला तरी पुढच्या पावसात त्याच चिरेतून परत पाणी जाणार. म्हणून मी परत सर्व्हिस सेंटरला जाऊन पार्ट काउंटरवर फक्त रबर पॅड मागितलं, आणि नसेल तर पॅडसकट रिकामं कव्हर द्या म्हटलं. उत्तर आलं, सुटं येत नाही, पार्ट नंबरच नाही, पूर्ण किल्लीच घ्यावी लागेल. शालिमारला किल्लीवाल्याकडे बाहेरची कव्हर मिळतात, मी बघून आलो, पण त्यात पातं हलतं आणि बटण स्विचवर नीट येत नाही. मला स्वस्तातलं नकोय, मला तुमचंच ओरिजिनल पाहिजे, पैसे देऊन पाहिजे, आणि तुम्हीच ते विकत नाही. मग ग्राहकाने करायचं काय?

पॅड मागताना मी स्विच बदलल्याचं सरळ सांगितलं, लपवण्यासारखं त्यात काय आहे. त्यावर अॅडव्हायझरने माझ्या जॉब कार्डवर लिहिलं, 'रिमोट की टॅम्पर्ड बाय कस्टमर', म्हणजे ग्राहकाने किल्लीशी छेडछाड केली, आणि तोंडी सांगितलं की आता सेंट्रल लॉकिंगला काही झालं तर एक्स्टेंडेड वॉरंटीत बसणार नाही. दाराच्या लॉकची मोटर, तिची वायरिंग, कंट्रोल युनिट यातलं मी कशालाही हात लावलेला नाही. किल्लीतला पाच रुपयाचा स्विच बदलल्याने दारातली मोटर कशी खराब होईल हे मला कोणीतरी लेखी समजावून सांगा. मी त्याच वेळी लेखी मागितलं तर मॅनेजर मीटिंगमध्ये आहेत म्हणून हात झटकले.

कायदा मला पाठ नाही पण या निमित्ताने जे वाचलं ते सांगतो. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून मिळून सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड लावला होता. दंडाच्या रकमेवरून पुढे अपिलं झाली ते वेगळं, आणि त्या १४ मध्ये कोण होतं हाही आत्ता माझा मुद्दा नाही. पण त्या आदेशात स्पष्ट म्हटलंय की बाहेर काम करून घेतलं एवढ्या एका कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करायची अट घालता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतंच करता येईल. माझ्या बाबतीत नुकसान कुठलं झालंय? उलट बंद पडलेली वस्तू चालू झालीय. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतल्या त्रुटीची व्याख्या कलम २(११) मध्ये आहे, ग्राहकापासून गरजेची माहिती मुद्दाम लपवणं हेही त्यात धरलंय. आणि सरकारने २०२२ मध्ये राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी, जी समिती नेमली तिने आधी हाती घेतलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरातली उपकरणं यांच्यासोबत गाड्याही आहेत. त्याच वर्षी डिसेंबरात त्याचं पोर्टलसुद्धा सुरू झालं. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाहीये.

एक गोष्ट मीच मान्य करतो, किल्ली हरवली किंवा चिपच गेली तर नवीन किल्ली गाडीला शिकवायचं काम कंपनीकडेच राहिलं पाहिजे, कागदपत्रं बघूनच झालं पाहिजे, नाहीतर चोरांचं फावेल. त्याचे पैसे घ्या, माझी ना नाही. पण रबर पॅड, रिकामं कव्हर आणि बटणाचा स्विच यांच्यात कसली सिक्युरिटी? त्यांच्यात कोडही नाही आणि चिपही नाही. नुसत्या त्या रबराने कोणाची गाडी चोरता येत नाही. उलट चांगला चालणारा बोर्ड कचऱ्यात टाकून नवीन कोडिंग करत बसण्यापेक्षा जुनाच बोर्ड नव्या कव्हरमध्ये घातला तर तुमचाही ताप वाचेल. आणि हे फक्त माझ्यापुरतं नाही. माझे मोठे भाऊ दिंडोरीला द्राक्षबागेत असतात, त्यांच्याकडेही तुमचीच गाडी आहे, फवारणीच्या दिवसांत ओल्या हाताने दिवसभर किल्ली हाताळली जाते, त्यांच्या किल्लीच्या रबरालाही तशीच चीर पडायला लागलीय. त्यांना सोल्डरिंग येत नाही. ते सर्व्हिस सेंटरला गेले तर तिथला माणूस सांगेल ते मान्य करून साडेनऊ हजार मोजून येतील, आणि मला राग येतो तो याचाच जास्त.

म्हणून माझी मागणी अशी आहे. जॉब कार्डवरचा शेरा काढून टाका आणि माझी एक्स्टेंडेड वॉरंटी, सेंट्रल लॉकिंगसकट, पूर्ण चालू आहे असं मला कंपनीच्या मेलवरून लेखी द्या, सर्व्हिस सेंटरच्या तोंडी शब्दावर मी आता विश्वास ठेवणार नाही. किल्लीतला बोर्ड न तपासता घेतलेले ५९० रुपये परत करा. माझ्या मॉडेलच्या किल्लीचं रबर पॅड किंवा पॅडसकट रिकामं कव्हर मला वाजवी किमतीत द्या, आणि नुसतं मला नको, त्याला पार्ट नंबर देऊन सगळ्या काउंटरवर ठेवा. आणि अॅडव्हायझर लोकांना एवढं तरी शिकवा की एक बटण चालत असेल तर पूर्ण रिमोट गेला असं ग्राहकाला सांगायचं नाही, आधी उघडून बघायचं, स्विच बदलून द्यायचा, त्याचे मजुरीसकट तीनशे-चारशे रुपये घेतलेत तरी लोक आनंदाने देतील, मी पण दिले असते.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवस वाट बघतो. तोपर्यंत लेखी उत्तर आलं नाही तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि त्यानंतर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करणार. जुना स्विच, फाटलेल्या रबराचे फोटो आणि मीटर लावून काढलेला व्हिडिओ मी सांभाळून ठेवलाय, तुमचा कोणी टेक्निकल माणूस बघायला येणार असेल तर रविवारी घरी या, किल्ली तुमच्यासमोर परत उघडून दाखवतो.

आपला ग्राहक,
सिडको, नाशिक

सोबत: ५९० रुपयांच्या बिलाची प्रत, शेरा असलेल्या जॉब कार्डची प्रत, एक्स्टेंडेड वॉरंटीची प्रत, किल्लीच्या आतले फोटो