लॅपटॉपची तुलना तासगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये करून पाहा

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत कामासाठी आणि प्रवासासाठी कोणता लॅपटॉप घ्यावा, याविषयीचा लेख वाचला. अ‍ॅपलचा तेरा इंची मॅकबुक एअर आणि लेनोवोचा थिंकपॅड ई-१४ अशी जोडी त्यात समोरासमोर उभी केली आहे. जोडी अचूक निवडली. आमच्या व्यवसायातही सध्या याच दोघांवर खल चालतो. निकाल एअरच्या बाजूने लागला आणि कारणे दिली ती वेग, पडदा, वजन आणि बॅटरी. चारही खरी आहेत. तरीही मी थिंकपॅड घेतला. त्यामागची कारणे लेखात कुठेच नाहीत, म्हणून हे पत्र.

मी सांगलीत सनदी लेखापाल आहे. लेखातला प्रवास विमानतळावरून सुरू होतो, माझा एसटी स्टँडवरून. विट्याचे यंत्रमागवाले, आटपाडी-जतकडच्या पतसंस्था, कवठेमहांकाळची बँक शाखा, तासगावची बेदाण्याची कोल्ड स्टोरेज. पुण्याला जायचे असेल तर २०२४ पासून वंदे भारत आहे, तिच्यात सीटपाशी प्लग मिळतो आणि तिथे कुठलाही लॅपटॉप चांगलाच वाटतो. प्रश्न उरतो तो बाकीच्या रस्त्यांचा.

आधी वजन. एअर १.२४ किलोचा, ई-१४ (मी घेतलेली सहावी पिढी) १.४४ किलोपासून पुढे. कागदावर दोनशे ग्रॅमचा फरक. पण एअरला दोन थंडरबोल्ट पोर्ट (छोट्या यूएसबी-सीच्या आकाराचे), चार्जिंगचे एक मॅगसेफ आणि हेडफोनचे भोक, एवढेच. मला डिजिटल सहीचा टोकन (पेनड्राइव्हसारखा असतो तो) लावायचा असतो, तो जुन्या रुंद यूएसबीचा. साखर कारखान्याच्या लेखा विभागात वायफाय मागितले तर टेबलामागून लॅनची वायर काढून हातात देतात. पतसंस्थेच्या सभेत संचालकांना ताळेबंद भिंतीवर दाखवायचा तर प्रोजेक्टरची केबल एचडीएमआयची. या तिन्हींसाठी एअरसोबत हब, म्हणजे जादा पोर्ट देणारी डबी, बाळगावा लागतो. ई-१४ला तिन्ही अंगावरच आहेत. हबचे वजन फार नसते हे कबूल. पण हब ही जतच्या शाखेत पोचल्यावर घरी राहिल्याचे कळणारी वस्तू आहे, आणि जतमध्ये ती संध्याकाळपर्यंत मिळेल याची खात्री नाही.

आता सॉफ्टवेअर. लेखात त्याला एकच वाक्य आहे, ‘दोन्हींवर सर्व प्रमुख प्रोग्राम चालतात’ असे. मॅकवर टॅली, म्हणजे आमचे हिशेबाचे सॉफ्टवेअर, चालत नाही. टॅलीप्राइम विंडोजचे आहे. मॅकवर ते हवे तर आत दुसरे विंडोज बसवा, नाहीतर क्लाउडवर भाडे भरा. एक्सेल मॅकवर आहे, पण मोठ्या तक्त्यांचा गोषवारा काढणारे पॉवर पिव्होट त्यात नाही, आणि कर्जखात्यांच्या हजारो ओळी छाननीला घेतल्या की मला तेच लागते. सहीच्या टोकनाचे ड्रायव्हर (तो चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) मॅकसाठी मिळतात, मात्र मॅकओएसची नवी आवृत्ती आली की ते चालतात का, हे पुन्हा तपासावे लागते. हे काम एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कोणी करायचे? त्या दिवसांत बँक शाखांचे ऑडिट, एलएफएआर (ऑडिटचा सविस्तर अहवाल), एमओसी (हिशेबातल्या दुरुस्त्यांची यादी) आणि यूडीआयएन (प्रत्येक सहीमागचा ओळख क्रमांक) यांतून मान वर काढायला सवड नसते.

बॅटरीत एअर सरस आहे, यात वाद नाही. मात्र लेखात छापलेले अठरा तास हे व्हिडिओ पाहण्याचे आहेत. वायफायवर वेबसाइट पाहण्यासाठी कंपनी स्वतःच पंधरा तास सांगते. तेही भरपूरच. माझा ई-१४ दुपारच्या चहापर्यंत येतो आणि मग प्लग शोधतो. बँकेच्या शाखेत प्लग असतात, पण यूपीएसच्या लाल बोर्डावर बाहेरच्या माणसाला हात लावू देत नाहीत आणि साध्या बोर्डावरची वीज महावितरणच्या मर्जीवर. यावर माझा उपाय पॉवर बँक. वीस हजार एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३.७ व्होल्टने गुणले तर ७४ वॉट-अवर. विमानात परवानगीशिवाय नेता येणारी मर्यादा १०० वॉट-अवरची आहे, आणि पॉवर बँक हातातल्याच सामानात ठेवावी लागते. इथे आणखी एक गुण एअरच्या पदरात टाकते: तो ३० वॉटवर गुपचूप चार्ज होतो, माझ्याबरोबर मात्र ६५ वॉटचा चार्जर आला, त्यामुळे पॉवर बँकही ताकदीची घ्यावी लागली.

पडद्यावर फार बोलत नाही. एअरचा पडदा सुंदर आहे, ई-१४चा साधा पडदा त्यापुढे फिका. पण तो चकाकत नाही. एसटीत खिडकीशी बसल्यावर ताळेबंदाऐवजी स्वतःचाच चेहरा दिसत राहणे मला परवडत नाही. माझ्या कामात लाल रंग फक्त एनपीएच्या, म्हणजे थकलेल्या कर्जांच्या, खात्यांना असतो, तो दोन्हीवर लालच दिसतो.

तासगावचे आता सांगते. बेदाण्यावर बँकांनी कर्ज दिलेले असते, त्या मालाची मोजणी करायला आम्ही कोल्ड स्टोरेजमध्ये जातो. आत थंडी, बाहेर एप्रिलचे ऊन. लॅपटॉप आतून एकदम बाहेर आणला की अंगावर दव धरते, आणि धातूच्या अंगावर ते लगेच दिसते. तो बॅगेत बंदच ठेवून बाहेर काढायचा आणि हवेशी जुळेपर्यंत उघडायचा नाही, एवढे पथ्य दोन्हींना लागू. उन्हाचे मात्र तसे नाही. एअरमध्ये पंखाच नाही, म्हणून तो एरवी आवाज न करता चालतो. पत्र्याच्या ऑफिसात लांबलचक काम दिले तर स्वतःला थंड ठेवण्यासाठी वेग उतरवतो. माझ्या लॅपटॉपचा पंखा घरघरतो आणि तिथले हमाल त्यावर विनोद करतात. आणखी एक गोष्ट अशा ऑफिसांतच कळते: अर्थिंग नसलेल्या प्लगवर धातूच्या लॅपटॉपला मनगट टेकले की झिणझिण्या येतात. इजा होत नाही, पण दिवसभर त्यावर लिहवत नाही.

लेखातली किंमतही अर्धीच आहे. एम-४ चिपचा एअर मार्च २०२५ मध्ये ९९,९०० रुपयांना आला, त्यात साठवण २५६ जीबी. ५१२ हवी तर तेव्हा १,१९,९००, आणि हा निर्णय खरेदीच्या दिवशीच घ्यायचा, कारण मेमरी आणि साठवण दोन्ही आत कायमची बसवलेली. ई-१४मध्ये मेमरीचे दोन स्लॉट आहेत, साठवणीचेही दोन. आज कमी घ्या, पुढच्या वर्षी फी वसूल झाल्यावर वाढवा. शिवाय व्यावसायिकाने छापील किमतीवर जाऊच नये. ९९,९०० मध्ये १८ टक्के जीएसटी म्हणजे १५,२३९ रुपये; जीएसटीची नोंदणी असेल आणि बिल फर्मच्या नावे घेतले तर त्याचे क्रेडिट मिळते, तेवढा कर आपल्या देण्यातून वजा होतो, म्हणजे खरी किंमत ८४,६६१. आयकरात संगणकाला ४० टक्के घसारा (झिजेपोटी उत्पन्नातून मिळणारी वजावट), पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच. म्हणून दिवाळीच्या ऑफरची वाट पाहणारे माझे अशील सवलतीत कमावतात ते कधी कधी घसाऱ्यात गमावतात. (ही फुकटची सल्लामसलत आपल्या वाचकांसाठी.)

आणि दुरुस्ती. हा विषय आपल्या लेखात एका शब्दानेही नाही, माझा निकाल मात्र त्यावरच लागला. अ‍ॅपलचे स्वतःचे दुकान २०२३ मध्ये मुंबईत बीकेसीला उघडले, २०२५ मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कला. बाकी गावांत अधिकृत सेवा केंद्र असेल तर असेल. दुकानातला विक्रेता ‘आहे ना मॅडम’ म्हणतो, आपण घरी बसून पिनकोड टाकून खात्री करावी. लेनोवो थिंकपॅड उघडण्याची सगळी पुस्तिका, कोणता स्क्रू कुठला इथपर्यंत, आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवते. आमच्या गणपती पेठेतला दुरुस्तीचा मुलगा ती मोबाइलवर उघडून बसतो आणि मी समोरच्या टपरीवर चहा पिते तोवर कीबोर्ड झाडून, मेमरी घालून देतो. बॅटरीही तोच बदलेल. एअरची बॅटरीही बदलता येते, पण हे काम पेठेत कोणी अंगावर घेत नाही, मी विचारून पाहिले. ऑडिटच्या हंगामात लॅपटॉप चार दिवस पुण्याला पाठवणे म्हणजे मीच पुण्याला जाणे.

फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर, किमतीच्या शेजारी, तो किती दुरुस्त करता येतो याचे दहापैकी गुण छापावे लागतात. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले आणि २०२४ मध्ये अशा निर्देशांकासाठी समिती नेमली. सरकारचा शिक्का डब्यावर येईल तेव्हा येईल. वर्तमानपत्राला तोवर थांबायचे कारण नाही.

माझी भाची पुण्यात राहते, दिवसभर फोटो आणि जाहिरातींचे डिझाइन करते, कॅफेत बसून. तिने मला विचारले तेव्हा मी एअरच घे म्हणाले आणि ती खूष आहे. तिला टॅली माहीत नाही, टोकन माहीत नाही, दुरुस्तीला पुणे तिच्या दारात आहे. आपला लेख तिच्यासाठी लिहिला होता आणि तिच्यापुरता तो बरोबर आहे. पण आपला अंक आटपाडीलाही जातो.

तेव्हा पुढच्या तुलनेत चार रकाने वाढवावेत अशी विनंती: चार्जर आणि हबसह वजन, मेमरी-साठवण नंतर वाढवता येते का, बॅटरी कोण बदलू शकतो, आणि वॉरंटीत माणूस घरी येतो की लॅपटॉप घेऊन आपण जायचे. शेवटच्या रकान्यासाठी पिनकोड पुण्या-मुंबईचा न घेता एखाद्या तालुक्याचा घ्यावा. आणि हे फेब्रुवारीच्या आत छापावे. मार्च-एप्रिलमध्ये आमच्यापैकी कोणी पुरवणी उघडत नाही.

आपली,
एक सनदी लेखापाल वाचक, सांगली