नाळ पडली का, हे एकविसाव्या दिवशी विचारा

महोदय,

‘रोगप्रतिकारशक्ती वाढवा’ या सल्ल्यांत पांढऱ्या पेशींच्या संख्येवरच भर असतो. त्या पेशी वाहत्या रक्तातून जखमेपर्यंत पोहोचतात कशा, हे कुणी सांगत नाही. लहान बाळांच्या बाबतीत हे माहीत नसणे जिवावर बेतू शकते.

जंतू शिरले की जवळच्या रक्तवाहिनीच्या अस्तरावर सिलेक्टिन नावाची प्रथिने येतात. ती पांढऱ्या पेशीला ओझरती धरतात आणि पेशी अस्तरावरून गडगडत जाते. तिथे रासायनिक इशारा मिळाला की पेशीच्या अंगावरची इंटिग्रिन प्रथिने ताठ होतात, पेशी घट्ट चिकटते आणि भिंतीतून बाहेर पडते. एका पेशीकडून दुसरीकडे जंतूची खबर पोहोचते तेव्हाही टी-पेशीला (हा पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) दुसरीशी धरून ठेवायला इंटिग्रिनच लागतात.

इंटिग्रिनचा सीडी-१८ हा घटक जन्मतः नसला किंवा फार कमी असला, तर त्या आजाराला लॅड-१ (पांढऱ्या पेशी न चिकटण्याचा आजार, प्रकार पहिला) म्हणतात. आजार दुर्मीळ आहे, पण खुणा ठळक आहेत. नाळ सहसा एक-दोन आठवड्यांत पडते, कारण तिच्या मुळाशी पांढऱ्या पेशी जमून ती सोडवतात. या बाळांत ती तीन-चार आठवडे राहते, बेंबी लाल होते, चिघळते, पण पू होत नाही. पू नाही म्हणून घरचे निर्धास्त होतात, तिथेच घात होतो. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या पांढऱ्या पेशी. त्या रक्तातच अडकल्या तर पू येणार कुठून? त्याच वेळी रक्तात त्यांची संख्या दर मायक्रोलिटरला २० हजारांच्या वर असते, जंतुसंसर्गात लाखापर्यंतही जाते.

दवाखान्यात बाळंतपण झाले, तरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. एकविसाव्या दिवशी नाळ पडली का, हे त्यांनी नेमके विचारावे. नुसती नाळ लांबली म्हणून घाबरू नये. स्पिरिट वगैरे लावल्यानेही ती उशिरा पडते. नाळ तशीच, बेंबी चिघळलेली आणि सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) पांढऱ्या पेशी भरमसाट, असे एकत्र दिसले तर फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे पेशींवरची प्रथिने मोजणाऱ्या तपासणीने, सीडी-१८ मोजावे. त्यासाठी जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमधले एक-दोन मिली रक्त पुरते. नमुना बर्फात ठेवू नये, शक्यतो त्याच दिवशी पोहोचवावा. परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत अशा जन्मजात आजारांचे निदान होते.

लॅड-१ च्या तीव्र प्रकारात अस्थिमज्जा प्रत्यारोपण लवकर करावे लागते. त्यावाचून बहुतेक बाळे दोन वर्षांची होत नाहीत.

याच गटातल्या लॅड-२ मध्ये सिलेक्टिनला धरणारी साखर तयार होत नाही आणि रक्तगट ‘बॉम्बे’ हा दुर्मीळ गट निघतो. मात्र १९५२ साली मुंबईत प्रथम नोंदला गेलेला तो रक्तगट असलेल्या इतर निरोगी लोकांना या आजाराची भीती नाही. त्यांच्यातला जनुकीय दोष वेगळा असतो.

लॅड-१ चा दोष आई-वडील दोघांकडून येतो, म्हणून मामेबहीण-आतेभावाच्या लग्नांत शक्यता वाढते. एक मूल असे झाले, तर पुढच्या प्रत्येक खेपेला धोका २५ टक्के. जनुकातला नेमका बदल आधीच शोधून ठेवला असेल, तर पुढच्या गरोदरपणात साधारण अकराव्या आठवड्यापासून वारेचा नमुना तपासता येतो.

— प्रतिरक्षाशास्त्राचा एक अभ्यासक, मुंबई